बाबांच्या नेटबुकवरचे नव्वद एमबी

कराडच्या घरी दिवाणाखाली एक दहा इंची नेटबुक पडून असायचं. इंटेलचा ॲटम एन४५५, १.६६ गिगाहर्ट्झ, कोअर एकच. १ जीबी रॅम, २५० जीबीची हार्डडिस्क आणि १०२४ बाय ६०० चा बुटका स्क्रीन. २०१०च्या दिवाळीत घेतलेलं. सोबत विंडोज ७ ची स्टार्टर आवृत्ती आली होती, जिच्यात डेस्कटॉपवरचं चित्रही बदलता येत नसे. बाबांनी तो निळा पडदा वर्षानुवर्षं मुकाट्यानं बघितला. तक्रार आली ती एकदम २०२४च्या मे महिन्यात. "अरे, हे चालू करून मी अंघोळ करून येतो, तरी ते गोल फिरतच असतंय."

नवा लॅपटॉप घेऊन देतो म्हटलं, तर म्हणाले, "कशाला, चालतंय की हे." त्यांचं काम काय, तर सोसायटीचे हिशेब, सभेचं इतिवृत्त मराठीत टाइप करणं, वर्तमानपत्राची पीडीएफ वाचणं आणि पेनड्राइव्हवरची नाट्यगीतं ऐकणं. मी मनात म्हटलं, एवढंच ना. गेली सात-आठ वर्षं मी स्वतः लिनक्सवर ओपनबॉक्स (नुसत्या खिडक्या सांभाळणारा एक छोटा प्रोग्रॅम) वापरतोय आणि भेटेल त्याला "डेस्कटॉप हलका असावा" असं ऐकवतोय. हातचाच खेळ होता.

आधी रॅम. या चिपला २ जीबीच्या वर चालत नाही आणि खाच एकच, त्यामुळे पुण्यात जुन्या सामानाच्या दुकानातून २ जीबीची डीडीआर३ स्टिक साडेतीनशे रुपयांना आणली. मग विंडोजच्या जागी डेबियन १२, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार. या आवृत्तीपासून वायफाय वगैरेंची फर्मवेअर (त्या चिपा चालवायला लागणाऱ्या फायली) अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतात, त्यामुळे पूर्वीसारखी दुसऱ्या पेनड्राइव्हची शोधाशोध करावी लागली नाही. इन्स्टॉलर शेवटी डेस्कटॉपची यादी दाखवतो, तिथल्या सगळ्या खुणा काढून टाकल्या आणि नुसती मूळ सिस्टिम बसवली. त्यावर हातानं एकेक वस्तू रचली: पडद्यावर चित्र काढणारा एक्स सर्व्हर, ओपनबॉक्स, खाली पट्टीसाठी टिंट२, फायलींसाठी पीसीमॅनएफएम, वायफायसाठी नेटवर्क मॅनेजरचं ॲपलेट (पट्टीत बसणारा चिमुकला प्रोग्रॅम), फायरफॉक्स, लिब्रेऑफिस. हे सगळं 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' लावून. डेबियनमध्ये एखादं पॅकेज मागितलं की त्याला जे लागतंच ते येतं आणि "हेही असलेलं बरं" असं जे सुचवलेलं असतं तेही सोबत येतं. हा पर्याय लावला की दुसरी वरात दाराबाहेर राहते. मला त्या पर्यायाचा फार अभिमान होता. तो लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

रिबूट केलं. ओपनबॉक्स पहिल्यांदा उघडला की काय दिसतं? राखाडी पडदा आणि माऊसचा बाण. बाकी काही नाही. उजवं बटण दाबलं की मेनू येतो. कितीतरी लोक इथेच घाबरून परत जातात, मला मात्र तो रिकामा पडदा सारवलेल्या अंगणासारखा वाटतो. मेमरीचा हिशेब दाखवणारी 'फ्री' ही आज्ञा चालवून बघितली: वापरात १९० एमबी. त्याचा फोटो काढून मित्रांना पाठवला, हे कबूल करायला हवं.

पट्टी लावली, मेनूत चार नोंदी मराठीत केल्या ('हिशेब', 'इंटरनेट', 'गाणी', 'बंद करा') आणि रविवारी रात्रीच्या एसटीनं पुण्याला परतलो.

सोमवारी सकाळी सव्वाआठला पहिला फोन. "पेनड्राइव्ह लावलाय. दिसत नाही."

फोनवरून अर्धा तास घातला. पेनड्राइव्ह सिस्टिमला दिसत होता, टर्मिनलमध्ये त्याचं नाव येत होतं (बाबांनी एकेक अक्षर वाचून दाखवलं, "एस, डी, बी, एक"), पण फायलींच्या खिडकीत त्याचा पत्ता नाही. नंतर कळलं ते असं. पीसीमॅनएफएम स्वतः पेनड्राइव्हवर लक्ष ठेवत नाही. ते काम जीव्हीएफएस नावाचा एक मागच्या दाराचा नोकर करतो, आणि तो 'सुचवलेल्या'च्या यादीत असतो. म्हणजे मीच त्याला दाराबाहेर ठेवला होता. त्याच नोकराकडे कचरापेटीचंही खातं असतं. बाबांनी एक जुनी पावती डिलीट केली तर मशीननं विचारलं की कचरापेटीत टाकता येत नाही, कायमचंच पुसू का. बाबांनी 'हो' दाबलं. पावतीचा कागद फायलीत होता म्हणून निभावलं.

मंगळवारी: "पेपर वाचता वाचता पडदा काळा होतो." एक्स सर्व्हर आपणहून दहा मिनिटांनी पडदा झाकतो. बाबा एकेक पान वीस मिनिटं वाचतात, तेवढ्यात माऊसला हात लागत नाही. एका ओळीचं काम, पण ती ओळ मी लिहिली नव्हती.

गुरुवारचा फोन जरा वरच्या पट्टीतला होता. इतिवृत्त टाइप करताना मशीन एकदम बंद. चार्जरची पिन सैल झालेली आणि जुन्या बॅटरीत पंचवीस मिनिटांचा जीव. कुठल्याही डेस्कटॉपवर एवढ्यात दोनदा इशारा आला असता. इथे इशारा देणारं कोणी नव्हतंच, कारण बॅटरीचा ॲपलेट मी बसवला नव्हता, आणि सूचनेची चौकट दाखवणारा प्रोग्रॅमही नव्हता. लिब्रेऑफिसनं उघडल्यावर शेवटची दहा मिनिटं सोडून बाकीचं परत आणलं. "ठराव क्रमांक चार गेला," बाबा म्हणाले. "तुझ्या हलकेपणात."

विंडो मॅनेजर आणि डेस्कटॉप यातला फरक मला पुस्तकी भाषेत वर्षानुवर्षं माहीत होता. विंडो मॅनेजर खिडक्यांना चौकट घालतो, हलवतो, लहानमोठ्या करतो. झालं. आवाजाची बटणं, वायफायचं चिन्ह, पेनड्राइव्ह, बॅटरी, पासवर्ड विचारणारी चौकट, कुलूप, सूचना ही सगळी वेगवेगळी माणसं असतात, आणि डेस्कटॉप म्हणजे त्यांचा आधीच ठरवून दिलेला गोतावळा. माझ्या स्वतःच्या मशीनवर ती सगळी होतीच की, आठ वर्षांत एकेक करून जमलेली. कुठली कधी आली हे मी विसरून गेलो होतो, एवढंच.

पुढच्या दोन शनिवार-रविवारी मी कराडला जाऊन भोकं बुजवली. आवाजाच्या बटणांसाठी ओपनबॉक्सच्या आरसी-एक्सएमएल फायलीत तीन नोंदी. बॅटरीचा ॲपलेट. सूचनांचा प्रोग्रॅम. पॉलिसीकिटचा एजंट, म्हणजे अधिकार लागला की पासवर्ड विचारणारी ती छोटी चौकट. एक भोक मात्र स्क्रीनचं होतं. ६०० पिक्सेलच्या उंचीत काही सेटिंगच्या खिडक्या मावतच नाहीत, 'ओके' बटण स्क्रीनच्या खाली जमिनीत जातं. ऑल्ट दाबून खिडकी कुठूनही धरून वर ओढता येते, ते बाबांना दाखवलं. हे त्यांना इतकं आवडलं की आता ते गरज नसतानाही खिडक्या ओढत बसतात.

आणि मग अक्षरांचा मुद्दा आला. हा मला अपेक्षित नव्हता.

मराठी दिसायला लागलं होतं, चौकोनी डबे येत नव्हते, त्यामुळे माझ्या लेखी ते प्रकरण संपलं होतं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनजवळ गेले आणि म्हणाले, "हा ल आपला नाही."

खरंच नव्हता. फायलींच्या नावांत 'लेखा', 'शिल्लक' असं होतं, आणि त्यातला ल दांडीचा, हिंदी पुस्तकात असतो तसा. श सुद्धा तसाच. आपला ल पाकळ्यांचा आणि श देठाचा; शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयातही मराठीसाठी हीच रूपं सांगितली आहेत. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच. कुठलं रूप काढायचं हे फॉन्टमध्ये भाषेनुसार लिहून ठेवलेलं असतं, पण त्यासाठी मजकूर कुठल्या भाषेतला आहे हे कोणीतरी फॉन्टला सांगावं लागतं. मी नोटो सॅन्स देवनागरी लावला होता, त्यात मराठी रूपं आहेत. तरी येत नव्हती. का? तर पीसीमॅनएफएमसारख्या, जीटीके या साच्यावर बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये अक्षरं मांडायचं काम पँगो नावाची लायब्ररी करते. सिस्टिमची भाषा इंग्रजी ठेवलेली असली आणि मध्येच देवनागरी मजकूर आला की पँगोला अंदाज बांधावा लागतो, आणि देवनागरीसाठी त्याचा ठरलेला अंदाज म्हणजे हिंदी. त्याला सांगायची सोय आहे: 'पँगो लँग्वेज' नावाचा एक चल (व्हेरिएबल) घरच्या फोल्डरमधल्या एक्ससेशन-आरसी फायलीत लिहायचा आणि त्यात इंग्रजीनंतर मराठीचा संकेत 'एमआर' द्यायचा. लॉगआऊट करून आत आलो. 'शिल्लक' मधला श देठावर उभा राहिला आणि दोन्ही ल पाकळ्या घेऊन आले.

लिब्रेऑफिसला ते लागू होत नाही, तिथे मजकुराची भाषा त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये मराठी करावी लागली. पण या सगळ्या उद्योगात जो आनंद मला त्या एका ओळीनं दिला तो १९० एमबीच्या फोटोनं दिला नव्हता. वजन शून्य, आणि मशीन एकदम घरचं वाटायला लागलं.

टायपिंगचं सोपं निघालं. बाबा निवृत्तीआधी ऑफिसात इन्स्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी शिकलेत, आणि ती मांडणी एक्सच्या कीबोर्ड व्यवस्थेतच असते, टायपिंगसाठी आयबससारखा वेगळा प्रोग्रॅम बसवायची गरज नाही. ऑल्ट-शिफ्टनं इंग्रजी-मराठी. चालू भाषा कुठली हे दाखवणारं चिन्ह मात्र टिंट२च्या पट्टीत नव्हतं, त्यामुळे एकदा पासवर्ड देवनागरीत टाइप होत राहिला आणि बाबा दारातच अडकले. आणखी एक भोक. आणखी एक ठिगळ.

जुलैच्या सुरुवातीला मी हिशेबाला बसलो. आधी मूर्खासारखं प्रत्येक चालू प्रोग्रॅमची मेमरी 'पीएस' या आज्ञेतून घेऊन बेरीज केली, ती भलतीच फुगली. सगळे प्रोग्रॅम एकाच लायब्ररीवर उभे असतात आणि 'पीएस'च्या त्या रकान्यात ती सामाईक लायब्ररी प्रत्येकाच्या नावावर पूर्ण चढते. वाड्यातल्या सामाईक विहिरीचं पाणी प्रत्येक बिऱ्हाडाच्या नावे लिहावं तसं. 'स्मेम' नावाचं साधन ती वाटून दाखवतं. त्यानं मोजलं आणि 'फ्री'शी ताडून पाहिलं, तर माझ्या ओपनबॉक्सचा संसार आता ३४० एमबीवर गेला होता. १९० वरून ३४०, सगळी ठिगळं धरून.

मग त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभाजनावर (पार्टिशनवर) मुकाट्यानं एक्सएफसीई ४.१८ हा पूर्ण डेस्कटॉप बसवला. फ्रान्समधल्या ऑलिव्हिए फुर्दां यांनी १९९६ साली सुरू केलेला, उंदराच्या चिन्हाचा, ज्याला मी इतकी वर्षं "बरा आहे, पण जड" म्हणत होतो तो. त्यातलं नको ते काढलं. लॉगिनबरोबर सुरू होणाऱ्या गोष्टींच्या यादीतून प्रिंटरच्या रांगेचा पायथनमधला ॲपलेट गेला. खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकपणा करणारा कंपोझिटर बंद केला. फोटोंची छोटी चित्रं बनवणं थांबवलं, नाहीतर लग्नाच्या फोटोंचं फोल्डर उघडलं की ॲटम बिचारा पाच मिनिटं धापा टाकतो. 'सेशन जतन करा' ही खूण काढली. आकडा: ४३० एमबी.

फरक ९० एमबीचा. त्याच मशीनवर बाबांच्या वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडलं, तर त्या एका टॅबनं अडीचशेच्या वर घेतले.

हे बघून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. दोन महिने मी गोधडीतला एकेक धागा उपसून वजन कमी करत होतो आणि शेजारी धोंडा ठेवलेला होता. खरा त्रास कुठे होता ते मशीन रोज ओरडून सांगत होतं: डिस्कचा दिवा. दोन टॅब, एक हिशेबाची फाइल, की रॅम भरली, स्वॅप (रॅममध्ये न मावणारं डिस्कवर टाकणं) सुरू झाला आणि हार्डडिस्कची घरघर. माऊसचा बाणसुद्धा जागचा हलत नसे. बाबा ज्याला "गोल फिरतंय" म्हणत होते ते हेच. त्याचा डेस्कटॉपशी संबंध जवळपास नव्हता.

पुढची कामं एका दुपारची. हार्डडिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, अठराशे रुपये. या नेटबुकात डिस्कला पोचायला आधी कीबोर्ड उचकटावा लागतो, त्यात माझं एक नख गेलं. झेडरॅम बसवलं: रॅमचाच एक भाग बाजूला ठेवून त्यात बिनवापराची पानं दाबून भरतात, पावसाळ्यात गोधड्या दाबून ट्रंकेत भरतो तशी. डिस्कला हातच लागत नाही. दाबायला सीपीयू खर्च होतो, म्हणून ॲटमची कुवत बघून दाबण्याची हलकी पद्धत, एलझेड४, निवडली; झेडएसटीडी नाही. शिवाय अर्लीऊम, जो मेमरी संपायच्या बेतात आली की सगळ्यात लठ्ठ प्रोग्रॅम मारतो. मशीन गोठून बसण्यापेक्षा एक टॅब गेलेला परवडतो. फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवणारा यूब्लॉक ओरिजिन घातला, त्यानं त्या वर्तमानपत्राचं वजन निम्म्याच्या आसपास आणलं. माझ्या सगळ्या कलाकुसरीपेक्षा जास्त.

बूटही तपासलं. 'सिस्टिमडी-ॲनालाइझ ब्लेम' म्हटलं की कोण किती वेळ खातं याची यादी येते. वरच एक सेवा होती, जी नेटवर्क येईपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवते. घरगुती मशीनला ती कशाला? बंद. मोबाईल डोंगलची सेवा, ब्लूटूथची सेवा, बंद. १ मिनिट ५० सेकंदांवरून ३४ सेकंद, आणि यातला सिंहाचा वाटा एसएसडीचा, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

आणि डेस्कटॉप एक्सएफसीईच ठेवला. ओपनबॉक्सबद्दल माझं मत बदललेलं नाही. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ची आहे आणि हे ऐकून लोक नाक मुरडतात, मला उलट त्यात भरवसा वाटतो. माझ्या मशीनवर तोच आहे. पण घरात राहणाऱ्याला तो कसा चालतो हे माहीत असेल तरच तो बरा. नव्वद एमबीसाठी दर आठवड्याला बाबांचा सव्वाआठचा फोन, हा सौदा काही बरा नव्हता.

एक भांडण मात्र झालं. ६०० पिक्सेलच्या उंचीत खालची पट्टी म्हणजे चैन, म्हणून मी पट्टी डाव्या बाजूला उभी केली, डेस्कबार पद्धतीनं, अक्षरं आडवीच राहतील अशी. मला ते फारच हुशारीचं वाटलं. बाबांनी दोन दिवस सोसलं आणि मग म्हणाले, "घड्याळ उजव्या कोपऱ्यात असतं." असतं म्हणजे असतं. पट्टी खाली गेली, खिडकी मोठी केली की लपेल अशी ठेवली. घड्याळात तारखेबरोबर वार हवा होता, तोही मराठीत. कीबोर्डच्या चिन्हात इंग्रजीसाठी अमेरिकेचा झेंडा येत होता तो त्यांना खपला नाही, म्हणून झेंडे काढून अक्षरं केली. मग म्हणाले, आपला तिरंगा तरी ठेवायचा होतास.

सप्टेंबरात गणपतीला गेलो तर सोसायटीचं इतिवृत्त, ठराव क्रमांक चारसकट, पूर्ण होतं. त्यानंतर तीनेक आठवडे फोन आला नाही. मग एका सकाळी आलाच, सव्वाआठला.

"अरे, ते मागचं चित्र मी बदललं."

"कसं?"

"फोटोवर उजवं बटण दाबलं, तिथंच लिहिलेलं होतं." फोटो १९७९ सालच्या त्यांच्या कबड्डी संघाचा, स्कॅन करून पेनड्राइव्हवर ठेवलेला. "पण सगळे जाड दिसायला लागलेत. मी तर पैलवान दिसतोय."

स्क्रीन बुटका आणि रुंद, फोटो जवळजवळ चौकोनी. ताणून बसवला गेला होता. मी सांगायला लागलो, डेस्कटॉपवर उजवं बटण दाबा, डेस्कटॉप सेटिंग्ज, तिथे स्टाइल म्हणून...

"ते सापडलं मला. दुसरं केलं तर डोकी कापली जातात आणि तिसरं केलं तर बाजूला काळ्या पट्ट्या येतात."

"मग कुठलं ठेवलंत?"

"ताणलेलंच ठेवलंय," बाबा म्हणाले. "चालतंय की."